कोठीची किल्ली

सन २०२५ च्या आषाढात आमच्या संस्थेच्या वार्षिक सभेत मी अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. जुन्या वास्तूंच्या जतनाचे काम करणारे काही स्थापत्यविशारद, अभियंते आणि दोन-तीन इतिहासाचे अध्यापक यांची ही जिल्ह्यापुरती मंडळी. तिचे नाव वृत्तपत्रांतून क्वचितच येते, व येथेही ते देण्याचे प्रयोजन नाही. परंतु अठरा वर्षे एकच मनुष्य एका खुर्चीवर बसलेला असला, म्हणजे तो उठल्यावर चार लोकांना चौकशी करावीशी वाटते. "प्रकृती बरी आहे ना?" असे निम्म्यांनी विचारले, उरलेल्यांनी आवाज खाली करून "कोणाशी बिनसले?" असे विचारले. पहिल्यांना मी माझे गुडघे दाखविले, दुसऱ्यांना हसून वाटेला लावले. गुडघे खरोखरच दुखतात आणि थोडेसे बिनसलेही होते. तथापि राजीनाम्याचे कारण या दोहोंत नव्हते.

घरी मात्र कोणी काही विचारले नाही. आमचे घर मोठे. थोरले बंधू, वहिनी, आम्ही उभयता, दोन पुतणे, सुना, नातवंडे असे तेरा जणांचे पान रोज पडते. राजीनाम्याची वार्ता रात्रीच्या जेवणात मी सांगितली, तेव्हा ऐंशीच्या घरात आलेल्या वहिनी वाढता वाढता एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, आता दिवसभर घरी बसून आमच्या फडताळांचे जतन करू नका, म्हणजे मिळविली!" सगळे हसले, मीही हसलो. पण त्याच वहिनींच्या कमरेला असलेल्या किल्ल्यांच्या जुडग्याशी माझ्या राजीनाम्याचा जवळचा संबंध होता, हे त्यांना ठाऊक नव्हते. तो संबंध सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहे. त्यात माझ्या हातून घडलेल्या एका चुकीची कबुलीही आहे.

आमच्या गावाला जुन्या वास्तूंची वाण नाही. मलिक अहमद निजामशहाने १४९० साली वसविलेले हे शहर; सरकारदरबारी त्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले, तरी आमच्या पिढीच्या तोंडी 'नगर'च बसलेले आहे. येथील भुईकोट किल्ल्यावर १५९५ साली चांदबिबीने मोगलांशी झुंज घेतली, १८०३ साली वेलस्लीने तो जिंकला, आणि १९४२ पासून १९४५ पर्यंत पंडित नेहरू, मौलाना आझाद, सरदार पटेल आदी नेते त्याच किल्ल्यात बंदिवान होते. शहराच्या पूर्वेस शहा डोंगरावर तीन मजल्यांची एक अष्टकोनी इमारत दूरवरून दिसते. सगळा जिल्हा तिला 'चांदबिबीचा महाल' म्हणतो. वस्तुतः ती सलाबतखान या निजामशाही वजिराची कबर आहे.

आमच्या संस्थेचा जन्म त्याच डोंगरावर झाला. सन २००७ च्या श्रावणात आम्ही सहा जण सहज म्हणून वर गेलो होतो. शाळेची एक सहल आली होती, आणि एक गुरुजी मुलांना चांदबिबी कोणत्या खिडकीत बसून वारा घेत असे ते मोठ्या रंगात सांगत होते. आम्हांला आधी हसू आले व मागाहून लाज वाटली. सहा जणांपैकी चौघे वास्तुशास्त्र शिकलेले. पण आपल्याच गावाच्या इमारतींची खरी हकीकत सांगणारे चार कागद आम्ही कोणी कधी तयार केले नव्हते. त्या दिवशी भजी व चहा यांच्या साक्षीने मंडळ स्थापन झाले, आणि वयाने मीच वडील म्हणून अध्यक्ष ठरलो. मी तेव्हा त्रेपन्न वर्षांचा होतो. एक वर्ष काम पाहावे व मग दुसऱ्यास द्यावे असा विचार होता. त्या एका वर्षाची अठरा कशी झाली, हे मला आजही नीटसे उमगत नाही. दरवर्षी सभेत कोणी तरी म्हणे, "यंदाही आपणच," आणि मी नको नको म्हणत खुर्चीवर बसे. ते 'नको नको' प्रतिवर्षी थोडे थोडे आखूड होत गेले, एवढे मात्र आठवते.

या काळात काम झाले नाही असे नाही. जुने वाडे, गावांच्या वेशी, बारवा, निजामशाहीत बाहेरच्या गावांहून शहरात पाणी आणणारे खापरी नळ, यांची मापे आम्ही घेतली, नकाशे काढले, छायाचित्रे ठेवली. केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या यादीत जी स्मारके आहेत, त्यांच्याभोवती शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही व त्यापुढील दोनशे मीटरांत परवानगी लागते, असा २०१० चा कायदा आहे. परंतु यादीत असणाऱ्या वास्तू थोड्या. गावोगावच्या शेकडो बारवांना व वाड्यांना कोणीच वाली नाही. त्या आमच्या वाट्याच्या, असे आम्ही समजत असू. गावकरी बोलावीत, आम्ही जात असू, सल्ला देत असू, आणि जमल्यास वर्गणी काढून दुरुस्तीही करीत असू.

अशाच एका गावच्या बारवेची ही गोष्ट आहे. गावाचे नाव सांगत नाही, कारण दोष गावाचा नव्हे. २०१५ व २०१६ या दोन्ही वर्षांच्या उन्हाळ्यांत आमच्याकडे पाण्याची टंचाई फार होती, आणि त्या निमित्ताने लोकांना आपल्या जुन्या बारवांची आठवण झाली. या गावच्या तरुणांनी बारवेतील गाळ स्वतः उपसला. आत सुरेख घडीव दगडांच्या भिंती, दोन बाजूंनी उतरणाऱ्या पायऱ्या, कोनाड्यांत झिजलेला गणपती. दगडांमधील दरजा मात्र ठिकठिकाणी मोकळ्या झाल्या होत्या. त्या भरण्याचे काम आमच्यावर आले.

आमच्याबरोबर एक वृद्ध गवंडी असत. आम्ही सारे त्यांना वस्ताद म्हणत असू. शाळेचे तोंड न पाहिलेला हा मनुष्य बैलाच्या घाणीत चुना मळण्याचे काम बापाजवळ शिकला होता. भाजलेली कळी किती दिवस भिजवावी, वाळू व विटांचा चुरा किती घालावा, गूळ व बेलफळाचे पाणी केव्हा सोडावे, घाणीच्या चाकाखालचा चुना तयार झाला हे बोटाला कसे कळते, हे सर्व त्यांच्या हातात होते. बारव पाहून ते म्हणाले, "सायेब, हितं शिमीट नको. भिंतीच्या मागं माती हाय. पावसाळ्यात माती पानी धरती. त्या पान्याला भाईर यायला वाट ठिवा."

मी त्यांचे ऐकले नाही. चुना मळायला दोन महिने लागले असते. मृग नक्षत्र तोंडावर आले होते, गावकरी घाईला आले होते, वर्गणी देणाऱ्यांना समारंभाची तारीख हवी होती. आणि खरे सांगायचे तर तो समारंभ मलाही हवा होता. चार दिवसांत सगळ्या दरजा सिमेंटने भरून झाल्या. बारव नवी दिसू लागली. एका आमदारांच्या हस्ते नारळ फुटला, माझ्या गळ्यात हार पडला, आणि तो फोटो आमच्या कार्यालयात पुष्कळ दिवस लावलेला होता.

वस्तादांच्या म्हणण्यातले शास्त्र मला ठाऊक नव्हते असे नाही. चुन्याची दरज दगडाहून मऊ व सच्छिद्र असते. भिंतीमागचे पाणी तिच्यातून पाझरून जाते, आणि झिजायचे ते दरज झिजते, दगड वाचतो. काही वर्षांनी दरज पुन्हा भरली की झाले. सिमेंट घट्ट असते. ते पाण्याची वाट बुजविते. मग अडलेले पाणी मागील मातीत साठत जाते व त्याचा सारा भार भिंतीवर येतो. हे मी व्याख्यानांतून कितीदा तरी सांगितले होते. परंतु व्याख्यानात माहीत असणे निराळे आणि मृग नक्षत्र तोंडावर असताना माहीत असणे निराळे.

चौथ्या पावसाळ्यात, म्हणजे २०२० च्या परतीच्या पावसात, त्या भिंतीला पोट आले, आणि एके रात्री दहा-बारा हात लांबीचा भाग दगडांसह खाली कोसळला. दैवाची कृपा एवढीच की, रात्र असल्याने कोणास इजा झाली नाही. दुसऱ्या दिवशी मी जाऊन पाहिले. पडलेल्या दगडांना सिमेंटचे तुकडे जसेच्या तसे चिकटलेले होते. सिमेंट सुटले नव्हते, भिंतच सुटली होती. त्या वर्षीच्या अहवालात मी माझ्या हाताने वाक्य लिहिले : 'अतिवृष्टीमुळे बारवेच्या उत्तर भिंतीची हानी झाली.' हे वाक्य खोटे होते. पावसाने भिंत पाडली हे खरे; पण तिच्याहून जुनी असलेली शेजारची भिंत, जिच्यात सिमेंट भरायचे राहून गेले होते, ती त्याच पावसात उभी होती.

ते वाक्य कोणाच्या नजरेस आले नाही, एका मुलीखेरीज. मुलगी म्हणजे आमच्या संस्थेत नव्यानेच आलेली एक तरुण स्थापत्यविशारद. तिने सभेत उभे राहून शांतपणे विचारले, "सर, शेजारची भिंत का पडली नाही?" मी म्हणालो, "त्याचा अभ्यास करावा लागेल." सभा पुढच्या विषयाकडे वळली. अध्यक्षाच्या हाती ही एक मोठी सोय असते. विषयपत्रिका त्याच्यापुढे असते, आणि कोणता विषय किती वेळ चालावा हे तो ठरवितो.

तिचा दुसरा विषयही मी असाच पुढे पुढे ढकलीत होतो. आमच्या नियमांप्रमाणे पदवीधरासच सभासद होता येई. गवंडी, पाथरवट, सुतार हे आमच्याबरोबर उन्हात राबत. सभेच्या दिवशी मात्र ते बाहेरच्या बाकावर बसत. हा नियम बदलावा व वस्तादांना पहिले सभासद करून घ्यावे, असा ठराव तिने आणला. काही जुने सभासद म्हणाले, व्यावसायिकांच्या संस्थेला पदवीची अट असलीच पाहिजे, नाहीतर शासन आपणांस विचारणार नाही. त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. मी मधला मार्ग म्हणून उपसमिती नेमली. उपसमितीला तीन वर्षे लागली. खरे म्हणजे लागू दिली मीच. वस्ताद सभासद झाले असते तर त्यांना सभेत बोलता आले असते, आणि बोलता आले असते तर बारवेविषयी ते काय बोलले असते, हे मला ठाऊक होते. हे मी त्या वेळी स्वतःशी देखील कबूल केले नाही. आज करतो.

२०२५ च्या माघात वस्ताद गेले. मला तीन दिवसांनी कळले. त्यांच्या घरी समाचाराला गेलो, तेव्हा अंगणात घाणीचे दगडी चाक आडवे पडलेले होते व त्याला शेळी बांधलेली होती. नातू पुण्याकडे सेंट्रिंगच्या कामावर असतो. घाणी कोणी शिकले नाही. त्यांची मुलगी दारात बसली होती. ती म्हणाली, "बाबा लई येळा म्हनायचे, सायेब येत्याल वही घिऊन, समदं लिहून घेत्याल. लई दिवस वाट बघितली." मी त्यांना तसे वचन दिले होते, आणि ते एकदा नव्हे, दरवर्षी. दरवर्षी वही विकतही घेतली होती. पण अध्यक्षाला वेळ कोठला? अनुदानाचे अर्ज, सत्कार, बैठका, पाहुण्यांची व्यवस्था, सातशे शब्दांत मनोगत. जे काम करण्यासाठी मंडळ काढले, ते काम सोडून मंडळाचेच काम मी करीत बसलो होतो, आणि ज्या ज्ञानाला जपण्यासाठी सारा खटाटोप, ते एका अंगणात शेळीच्या दाव्याला बांधून राहिले होते.

त्या रात्री मला झोप आली नाही. सौभाग्यवतीने दिवा लावून विचारले, तेव्हा मी बारवेची सारी हकीकत तिला सांगितली. इतक्या वर्षांत तिला देखील ती ठाऊक नव्हती. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अहो, सासूबाईंनी किल्ल्या दिल्या तो दिवस आठवतो का तुम्हांला?"

मला तो दिवस लख्ख आठवतो. मी कॉलेजात होतो. थोरल्या वहिनींना या घरात येऊन आठ-नऊ वर्षे झाली होती. कोठीच्या खोलीची किल्ली आईच्या कमरेला असे. साखर, तूप, डाळी, लोणच्यांच्या बरण्या सारे तिच्या हातून निघे. एके दिवशी दसऱ्याची पूजा झाल्यावर तिने जुडगा काढला, कुंकू लावले आणि वहिनींच्या हाती दिला. त्याआधी महिनाभर मात्र ती वहिनींना रोज कोठीत घेऊन बसे. कोणत्या बरणीला वरून तेल कमी पडले आहे, कोणत्या डाळीला मागच्या वर्षी कीड लागली व ती आपल्याच हलगर्जीपणाने कशी लागली, वाण्याचे किती देणे आहे, सर्व काही. आईने आपल्या चुकाही मोजून दिल्या होत्या. मागाहून एकदा मावशी आली असता तिच्या हातावर गूळ ठेवावा असे आईला वाटले, तेव्हा ती माजघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "सूनबाई, थोडा गूळ देतेस का?" आपल्याच घरात आईने गूळ मागावा, याचे मला तेव्हा फार वाईट वाटले होते. आईला मात्र त्यात काही वाटलेले दिसले नाही.

सौभाग्यवतीने अधिक काही सांगितले नाही. तिला सांगावेच लागले नाही.

पुढील काही दिवस, पद सोडलेल्या माणसांच्या हकीकती आठवण्याचा मला छंदच लागला. आमच्या डोंगरावरचा सलाबतखान हाच एक मोठा दाखला. मूर्तजा निजामशहाचा हा वजीर मोठा कर्तबगार. राजाची मर्जी फिरली व त्याने स्वतःला कैद करून घ्यावे असा हुकूम आला, तेव्हा मित्रांनी सांगितले की, राजाचे चित्त ठिकाणावर नाही, हुकूम मानू नये. पण हा पालखीत बसून निमूटपणे दंडाराजपुरीच्या कैदेत गेला, अशी हकीकत सांगतात. स्वामिनिष्ठा थोरच, पण त्याच्यामागे राज्य सांभाळणारे कोणी उरले नाही. १५८८ साली मूर्तजा आपल्याच मुलाच्या हातून मारला गेला, आणि वर्षाच्या आत त्या मुलाचाही शेवट झाला. म्हणजे नुसते निमूट उठून जाणे हीही पुरी गोष्ट नव्हे.

दुसरा दाखला इतिहासाचार्य राजवाड्यांचा. खंडेराव मेहेंदळ्यांच्या साह्याने त्यांनी १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले, आणि पुढे मतभेद होताच ते मंडळ सोडून निघून गेले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे बावीस खंड काढणारा हा पुरुष खुर्चीसाठी कधी थांबला नाही. दप्तरे शोधीत फिरत राहिला, व १९२६ च्या अखेरच्या दिवशी धुळ्यास वारला. त्यांच्यामागे धुळ्यास त्यांच्या नावाची संशोधनसंस्था निघाली आणि पुण्याचे मंडळही चालू राहिले. मंडळ चालले याचे श्रेय मागे राहून रोजचे काम ओढणाऱ्या माणसांचे आहे, आणि राजवाड्यांचे काम चालले याचे श्रेय त्यांच्या पायांचे आहे. मजजवळ त्यांच्या बुद्धीचा शतांशही नाही. पण उरलेली चार वर्षे खुर्चीत घालवावी की पायांवर, एवढा प्रश्न तर मलाही सोडविणे भाग होते.

आणि तिसरा दाखला ग्रीस देशातला, माझ्या चुकीला अगदी जवळचा. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराची दुरुस्ती निकोलाओस बालानोस या अभियंत्याने १८९८ पासून पुढे तीसहून अधिक वर्षे केली. प्राचीन ग्रीक कारागीर दगड सांधताना लोखंडी पट्ट्या वापरीत, पण त्यांवर शिसे ओतून त्यांना हवापाण्यापासून झाकीत. बालानोसने पट्ट्या वापरल्या, शिसे वगळले. त्याचा मोठा गौरव झाला. पुढे लोखंड गंजले, फुगले, आणि त्याने संगमरवर आतून फोडला. १९७५ साली तेथे नवी समिती नेमावी लागली, आणि गंजलेले लोखंड काढून टायटॅनियमच्या पट्ट्या बसविण्याचे काम कित्येक वर्षे चालले. हे काम होऊ शकले, कारण चूक कोठे झाली हे तेथील लोकांनी उघडपणे मांडले. अहवालात 'अतिवृष्टी' लिहून ठेवली असती, तर पुढच्या माणसाने काय दुरुस्त करावे?

तेव्हा मी ठरविले की, जुडगा द्यायचा तर कोठी दाखवून द्यायचा. महिनाभर मी त्या मुलीस व आणखी दोघा तरुणांना कार्यालयात बसवून कपाटे उघडली. हिशेब, अर्धवट अर्ज, कोणत्या गावाला दिलेला शब्द पाळायचा राहिला, कोणाशी माझे वितुष्ट आहे व त्यात माझा दोष किती, हे सांगितले. सांगताना जीभ अडखळे. पण प्रत्येक कपाटानंतर अंग हलके होई.

वार्षिक सभेत मी शेवटचा अहवाल वाचला. त्यात बारवेची हकीकत आरंभापासून लिहिली होती : वस्तादांचा इशारा, माझी घाई, सिमेंट, आणि २०२० च्या अहवालातील ते वाक्य. ते वाक्य रद्द करून त्या जागी खरे कारण नोंदवावे, अशी मी सभेला विनंती केली. नंतर कारागिरांना सभासदत्व देण्याचा ठराव स्वतः मांडला. सभागृहात बराच वेळ कोणी बोलले नाही. मग वाद झाला, चांगला दोन तास झाला. ठराव संमत झाला, पण एकमताने नव्हे. ज्या सहा जणांनी डोंगरावर चहा घेतला होता त्यांपैकी एक, माझा बालमित्र, म्हणाला, "तू आपले मन हलके केलेस, पण संस्थेची अब्रू घालविलीस." तो अद्याप माझ्याशी बोलत नाही. त्याचे म्हणणे मी पुष्कळदा मनात घोळविले आहे. गावकरी पुढे आम्हांवर विश्वास ठेवणार नाहीत, ही त्याची भीती खोटी म्हणवत नाही. परंतु त्याच गावच्या सरपंचांना मी हे सारे आधी जाऊन सांगितले होते, तेव्हा ते म्हणाले होते, "मग आता नीट बांधू. पण या खेपेला घाई करू नका." अब्रूचा याहून चांगला हिशेब मला तरी मांडता येत नाही.

वस्तादांना सभासद होता आले नाही, ही गोष्ट मात्र कोणत्याही ठरावाने भरून येणारी नाही.

अध्यक्षपदी ती मुलगी आली. पहिले दोन महिने मला फार जड गेले, हेही सांगितले पाहिजे. दूरध्वनी वाजेनासा झाला. निमंत्रणे आली ती तिच्या नावाची. एका बैठकीत तिने असा निर्णय घेतला की जो मी कधीच घेतला नसता. पडलेली भिंत लगेच न बांधता एक पावसाळा तशीच ठेवून पाणी कोठून येते ते पाहावे, असे तिचे म्हणणे. बोलण्यासाठी माझे ओठ हलले. तेवढ्यात माजघराच्या दारात उभी असलेली आई आठवली, आणि मी गप्प राहिलो. मागाहून कळले की, भिंतीमागे एक जुना खापरी नळ फुटलेला होता. भिंत घाईने बांधली असती तर तो सापडलाच नसता.

हल्ली आठवड्यातून तीन दिवस मी श्रीगोंदे तालुक्यातील एका म्हाताऱ्या पाथरवटाकडे जाऊन बसतो. त्यांच्या तरुणपणी त्यांनी घाणीवर काम केले आहे. सारे आठवत नाही, पण पुष्कळ आठवते. मी वहीत लिहून घेतो, आणि संध्याकाळी ते वाचून दाखविले की, "असं न्हवं, उलटं," म्हणून ते हसतात. बेलफळाच्या पाण्याचे प्रमाण चार वेळा खोडले आहे. वस्तादांचे चाक त्यांच्या मुलीने बारवेच्या कामासाठी देऊ केले आहे. शेळीसाठी आम्ही दुसरा खुंटा रोवून दिला.

ज्या जिल्ह्यात चोंडीसारख्या लहान गावी १७२५ साली अहिल्याबाई जन्मल्या, आणि ज्यांनी देशभर घाट, विहिरी व देवळे बांधविली, त्यांचे नाव आता आमच्या जिल्ह्याला आहे. नावाला साजेसे काम म्हणजे नवे बांधणे एवढेच नसावे. पूर्वजांनी बांधलेल्याची दरज वेळच्या वेळी व योग्य वस्तूने भरणे हेही असावे, असे मला वाटते. आपल्या एकत्र कुटुंबांनाही हे निराळे सांगण्याची आवश्यकता नाही. जुडगा केव्हा द्यावा हे घरातल्या बायकांना पुष्कळदा कळलेले असते. पुरुषांना ते सभा भरवून शिकावे लागते.

मागील आठवड्यात मला पाथरवटाच्या एका शब्दाची खातरजमा करण्यासाठी २००८ सालचा एक नकाशा हवा होता. कार्यालयात गेलो. ज्या कपाटात तो होता, त्याची किल्ली अठरा वर्षे माझ्या खिशात होती, त्यामुळे हात आपोआप खिशाकडे गेला. नव्या अध्यक्षा काही लिहीत बसल्या होत्या. मी दाराशी उभा राहून म्हणालो, "बाई, जरा कपाटाची किल्ली मिळेल का?"

त्या गडबडीने उठल्या व म्हणाल्या, "सर, तुम्ही कशाला मागता?" मी किल्ली घेतली, नकाशा काढला, कपाट लावले आणि किल्ली परत त्यांच्या टेबलावर ठेवली. आईला त्या दिवशी वाईट का वाटले नव्हते, ते मला घरी येताना वाटेत उमगले.